यादीत नसलेली ४१ जनुके: क्षयजंतूच्या जीनोमची उलटतपासणी

क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, ११ जून १९९८ रोजी 'नेचर'मध्ये छापून आला. ए, टी, जी आणि सी या चार खुणांची ४४,११,५२९ अक्षरे आणि त्यांत शोधून काढलेली ३,९२४ जनुके. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे स्ट्यूअर्ट कोल आणि केंब्रिजजवळच्या सँगर सेंटरचे बार्ट बॅरेल यांच्या गटांचे हे काम. प्रत्येक जनुकाला क्रमांक मिळाला, आरव्ही०००१ पासून आरव्ही३९२४सी पर्यंत. क्षयावर काम करणाऱ्यांना त्या दिवसापासून हाताशी एक पक्की यादी आली. औषध शोधणारे असोत, लस शोधणारे असोत, कामाची सुरुवात याच यादीपासून होऊ लागली. २००२ मध्ये तिची फेरतपासणी झाली आणि आणखी ८२ जनुकांची भर पडली. त्यानंतर यादी बहुतेक पूर्ण झाली, असेच सगळे धरून चालले होते.

२०११ च्या अखेरीस 'मॉलिक्युलर अँड सेल्युलर प्रोटिओमिक्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. पहिल्या लेखिका धनश्री केळकर, मार्गदर्शकांपैकी एक डॉ. अखिलेश पांडे. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स, दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी, आग्र्याची जालमा ही कुष्ठरोग संशोधन संस्था आणि अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, एवढ्या संस्थांची माणसे त्यात होती. त्यांनी जीनोम पुन्हा वाचला नाही. त्यांनी जंतूतली प्रथिने काढली, मोजली आणि ती जीनोमवर मांडून पाहिली. ३,१७६ प्रथिने हाती लागली, म्हणजे यादीतल्या जनुकांपैकी सुमारे ८० टक्के. त्याशिवाय यादीत नावच नसलेली ४१ जनुके प्रथिने बनवताना सापडली आणि ७९ जनुकांच्या मांडणीत दुरुस्ती करावी लागली.

मी जैवमाहितीशास्त्र शिकवते आणि हे प्रकरण दरवर्षी वर्गात घेते. जीनोमिक्स आणि प्रोटिओमिक्स एकत्र आल्याने संशोधनाची दिशा बदलली, हे वाक्य मुले परीक्षेत बिनचूक लिहितात. पहिले म्हणजे जीनोमचा अभ्यास, दुसरे म्हणजे पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचा. पण नेमके काय बदलले, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्या प्रश्नाचे उत्तर मला या एका निबंधात जितके स्वच्छ दिसते, तितके दुसरीकडे क्वचित दिसते. म्हणून इथे ते सावकाश उलगडते.

यादी कशी बनली होती

आधी त्या जंतूविषयी. जीनोम वाचला गेला तो एच३७आरव्ही या वाणाचा. १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरानॅक लेक इथे, ट्रूडो सॅनेटोरियममध्ये, फुप्फुसाचा क्षय झालेल्या एका १९ वर्षांच्या तरुणापासून एडवर्ड बॉल्डविन यांनी हा वाण वेगळा केला. पुढे १९३० च्या दशकात विल्यम स्टीनकेन यांनी त्याच्या दोन शाखा केल्या. एक रोग करणारी, ती आरव्ही. दुसरी तो जोर गमावलेली, ती आरए. तेव्हापासून जगभर प्रयोगशाळांमध्ये आरव्ही पिढ्यान्‌पिढ्या वाढवला जातो आहे. वाढतोही फार संथ. एका जंतूचे दोन व्हायला सुमारे एक दिवस लागतो, त्यामुळे डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत व्हायला तीन-चार आठवडे थांबावे लागते.

जीनोमची अक्षरे वाचणे आणि त्यांत जनुके शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले यंत्र करते आणि फार बिनचूक करते. एच३७आरव्हीच्या बाबतीत पुढच्या दुरुस्तीत एकूण लांबी ४४,११,५३२ ठरली, म्हणजे ४४ लाखांत फरक तीन अक्षरांचा. दुसऱ्या कामात मात्र अंदाज आहे, आणि गोम तिथेच आहे.

मोडीतला जुना कागद ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन कळेल. आधी आडवी रेघ ओढायची आणि लेखणी न उचलता खाली लिहीत जायचे. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे सुरू झाले, याची खूण कागदावर नसते. वाचणाऱ्याने ती आपल्या जाणकारीने बसवायची. जीनोम तसाच सलग आहे. त्यात तीन-तीन अक्षरांचा एक गट, म्हणजे कोडॉन, एका अमिनो आम्लाची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्याची, खूण असतो. पण पहिला गट कुठून धरायचा, हे कुठेच लिहिलेले नसते. 'कमळबदकनगर' ही अक्षरे घ्या. पहिल्यापासून तीन-तीन तोडली तर कमळ, बदक, नगर. एक अक्षर सोडून तोडली तर मळब, दकन. दोन सोडली तर ळबद, कनग. डीएनएला दोन धागे, म्हणजे समोरच्या धाग्यावरून उलट्या दिशेने आणखी तीन वाचने. एकूण सहा. अर्थ बहुधा एकाच वाचनात असतो, पण तो कोणत्या, हे संगणकाला नियमांनीच ठरवावे लागते.

तो ठरवतो असा. ६४ कोडॉनांपैकी तीन 'थांबा' सांगतात. योगायोगाने अक्षरे पडली असतील तर दर एकवीस कोडॉनांमागे सरासरी एक थांबा येईल. तेव्हा थांब्याशिवाय शंभर-दोनशे कोडॉनांची सलग पट्टी दिसली, तर ती योगायोग नसून जनुक असावे, हा तर्क. लहान पट्ट्या सोडून द्यायच्या, कारण त्यांत खोट्या फार निघतात. शंभर अमिनो आम्लांच्या खालचे काहीच जनुक मानायचे नाही, ही गाळणी त्या काळात सर्रास लावली जाई.

क्षयजंतूच्या बाबतीत हा तर्क लंगडा पडतो आणि त्याचे कारण फार सुंदर आहे. थांब्याचे तिन्ही कोडॉन, टीएए, टीएजी आणि टीजीए, ए आणि टी या अक्षरांनी भरलेले आहेत. क्षयजंतूचा जीनोम मात्र जी आणि सी यांनी भरलेला आहे, ६५.६ टक्के. मी मुलांना हे फळ्यावर करायला लावते: ए आणि टी प्रत्येकी १७.२ टक्के, जी आणि सी प्रत्येकी ३२.८ टक्के धरून तिन्ही थांब्यांची शक्यता काढा. उत्तर येते दर ४१ कोडॉनांमागे एक थांबा. म्हणजे थांबे निम्म्याने विरळ झाले. पण शंभर कोडॉनांची सलग पट्टी निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता दुप्पट होत नाही, ती ०.८ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या वर जाते. दहापट. या जंतूत लांब पट्टी हा जनुकाचा भक्कम पुरावा राहत नाही आणि आखूड पट्टी हा जनुक नसल्याचा पुरावा तर कधीच नव्हता.

सुरुवातीचा घोळ याहून मोठा. प्रथिनाची सुरुवात बहुधा एटीजी या कोडॉनने होते. क्षयजंतूत ३५ टक्के जनुकांची सुरुवात जीटीजीने होते, असा १९९८ च्या निबंधातलाच अंदाज आहे. ई. कोलायसारख्या ओळखीच्या जंतूंपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. आता जीटीजी हा कोडॉन जनुकाच्या मध्येही हवा तितका येतो, तिथे तो व्हॅलिन या अमिनो आम्लाची खूण असतो. मग एका लांब पट्टीत ओळीने चार-पाच जागी सुरुवात शक्य दिसते. इतर जंतूंत सुरुवातीच्या किंचित आधी रायबोसोम, म्हणजे प्रथिन जोडणारे पेशीतले यंत्र, बसण्याची ठरावीक खूण असते, तिचा आधार मिळतो. क्षयजंतूत सुमारे चतुर्थांश आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकांवरून काढलेल्या नकला, असे निघतात की त्यांत सुरुवातीच्या आधी काहीच नसते, आरएनए थेट पहिल्या कोडॉनपासूनच चालू होतो. तिथे तो आधारही गेला. १९९८ मध्ये हे कुणाला माहीत नव्हते, त्यामुळे यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी हाती होते त्या साधनांत उत्तम काम केले. पण यादी म्हणजे अंदाज होता आणि वापरणाऱ्यांनी त्याला सातबारा मानले.

प्रथिनांची साक्ष, आणि तिच्यातली मेख

प्रथिने मोजायची रीत अशी. जंतू फोडून त्यातली सगळी प्रथिने बाहेर काढायची आणि त्यांवर ट्रिप्सिन हे विकर सोडायचे. ट्रिप्सिन कुठेही कापत नाही, लायसिन किंवा आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पाठोपाठच कापते. जे तुकडे पडतात ते पेप्टाइड. ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात. यंत्र आधी अख्ख्या पेप्टाइडचे वस्तुमान मोजते, मग त्याला फोडून तुकड्यांची वस्तुमाने मोजते. या आकड्यांवरून ते पेप्टाइड कोणत्या अमिनो आम्लांचे, कोणत्या क्रमाचे, हे ताडता येते.

पण हा क्रम बहुतेक वेळा कोऱ्या पाटीवर काढला जात नाही. संगणक माहीत असलेल्या प्रथिनांची यादी घेतो, त्या प्रत्येकाला कागदोपत्री ट्रिप्सिनने कापतो, प्रत्येक तुकड्याची वस्तुमाने काढून ठेवतो आणि यंत्रातून आलेले आकडे कुणाशी जुळतात ते बघतो. आता ही यादी कुठून आली? जीनोममधल्या अंदाजांवरून. म्हणजे जे जनुक अंदाजात हुकले, त्याचे प्रथिन यंत्रातून शंभरदा गेले तरी ओळखले जाणार नाही. यंत्राने त्याला पाहिलेले असते, आकडे नोंदलेले असतात, पण जुळवायला समोर नाव नसते. असे बेवारस आकडे प्रत्येक प्रयोगात ढिगाने उरतात आणि वर्षानुवर्षे ते तसेच बाजूला सारले जात होते. वर्गात मी इथे थांबते. प्रोटिओमिक्स ही जीनोमिक्सची स्वतंत्र तपासणी आहे, असे मानणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यायला हवे की साक्षीदाराला प्रश्न फिर्यादीच विचारत होता.

बंगळूरच्या गटाने ही कोंडी फोडली ती जनुकांचा अंदाज बाजूला ठेवून. त्यांनी अख्खा जीनोम साही वाचनांत अमिनो आम्लांत उतरवला आणि आकडे त्या सगळ्याशी जुळवून पाहिले. या रीतीला प्रोटिओजीनोमिक्स म्हणतात. कल्पना सोपी वाटते, पण ती फुकट मिळत नाही. ४४ लाख अक्षरे साही प्रकारे वाचली की ८८ लाखांवर अमिनो आम्ले होतात. यादीतल्या खऱ्या प्रथिनांत ती साधारण साडेतेरा लाख भरतात. म्हणजे शोधायची जागा साडेसहापट वाढली आणि त्यातली बहुतेक जागा निरर्थक. निरर्थक जागेतही एखादे पेप्टाइड निव्वळ योगायोगाने जुळणारच.

हा योगायोग किती, हे मोजायला एक युक्ती आहे. खऱ्या क्रमांसोबत तेच क्रम उलटे करून फसवे म्हणून यादीत मिसळायचे. उलट्या क्रमाशी जे जुळेल ते नक्की खोटे. त्यावरून खऱ्या यादीतल्या खोट्या जुळणींचा अंदाज घ्यायचा आणि तो एक टक्क्याच्या आत ठेवायचा. ऐकायला एक टक्का फार सुरक्षित वाटतो. पण समजा १०,००० पेप्टाइड जुळली आणि त्यांतली १०० खोटी आहेत. ही शंभर सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. खोटी जुळणी जागेच्या हिशेबाने पडते आणि इथे सुमारे ८५ टक्के जागा 'नव्या'ची आहे. तेव्हा शंभरातली ८५ खोटी पेप्टाइड थेट नव्या शोधांच्या टोपलीत येऊन पडतात. नवे म्हणून हाती दोन-अडीचशेच पेप्टाइड असतील, तर त्यांतला तिसरा हिस्सा खोटा असू शकतो, आणि तरीही एकूण चूक एक टक्काच दिसते. हा हिशेब मी समजावण्यासाठी मांडला आहे, त्या निबंधातले हे आकडे नव्हेत. पण नव्या जनुकाचा दावा करणाऱ्या कोणत्याही निबंधात मी सर्वांत आधी हीच गोष्ट शोधते: नव्यांची चूक वेगळी मोजली का?

केळकर आणि सहकाऱ्यांना जीनोममधून अशी सुमारे २५० नवी पेप्टाइड मिळाली. ती त्यांनी एकेकटी पुरावा म्हणून पुढे केली नाहीत. जनुक शोधणाऱ्या इतर संगणकीय साधनांशी ती ताडून पाहिली आणि मग ४१ नवी जनुके आणि ७९ दुरुस्त्या एवढ्यावर ते आले. यंत्र उच्च प्रतीचे होते, वस्तुमान फार बारकाईने मोजणारे, त्यामुळे योगायोगाला वाव आधीच कमी झाला होता. मला हा संयम आवडतो.

गंधकाचा एक अणू

या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग सुरुवातीच्या जागांचा आहे.

जीटीजी जनुकाच्या मध्ये आला तर त्याचे व्हॅलिन होते. तोच जीटीजी सुरुवातीला आला तर रायबोसोम तिथे व्हॅलिन घालत नाही, मेथिओनिन घालतो. अक्षरे तीच, जागा वेगळी, म्हणून अमिनो आम्ल वेगळे. डीएनएकडे कितीही वेळ बघत बसलात तरी हा जीटीजी यांपैकी कोणता, हे कळणार नाही. प्रथिनात मात्र ते लिहिलेले असते. साखळीतल्या व्हॅलिनचे वस्तुमान ९९.०६८ आणि मेथिओनिनचे १३१.०४०. फरक ३१.९७२. साखळीतल्या या दोघांची सूत्रे लिहून पाहिलीत तर एकच गोष्ट वेगळी निघते: मेथिओनिनमध्ये गंधकाचा एक अणू जास्त आहे. जीनोम तेरा वर्षे जे सांगू शकला नाही ते गंधकाच्या एका अणूच्या वजनाने कळते. पेप्टाइडच्या तोंडाशी व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन मोजले गेले, की प्रथिन तिथूनच सुरू होते, वाद संपला.

पुष्कळदा हे पहिले मेथिओनिन पेशी नंतर छाटून टाकते, विशेषतः त्याच्या मागचे अमिनो आम्ल लहान असेल तर. तेव्हा वेगळी खूण शोधावी लागते. ट्रिप्सिन फक्त लायसिन-आर्जिनिनच्या मागेच कापते, तर मग ज्याच्या आधी या दोघांपैकी कुणीच नाही असे पेप्टाइड आले कुठून? ते प्रथिनाच्या टोकाचे असण्याचा संभव मोठा.

अशा टोकाच्या पेप्टाइडांवरून ७२७ प्रथिनांची सुरुवात यादीप्रमाणेच असल्याचे सिद्ध झाले आणि ३३ प्रथिनांची चुकीची निघाली. ७६० पैकी ३३, म्हणजे चार टक्क्यांहून थोडे जास्त. सरळ त्रैराशिक मांडले तर चार हजार जनुकांत दीडशेच्या पुढे सुरुवाती चुकलेल्या असाव्यात. त्रैराशिक इथे ढोबळच आहे, कारण यंत्राला विपुल प्रथिने आधी दिसतात, आणि विपुल प्रथिनांचा अंदाज बांधणे मुळात सोपे असते. न दिसलेल्यांत चुका जास्तच असतील, असे माझे मत आहे.

चार टक्के म्हणजे किरकोळ, असे कुणी म्हणेल. ज्याने प्रयोगशाळेत एक जनुक घेऊन वर्ष काढले आहे तो असे म्हणणार नाही. सुरुवात पंधरा-वीस अमिनो आम्लांनी पुढे धरली, तर 'मला पेशीबाहेर पाठवा' ही तोंडाशी असलेली खूणच कापली जाते आणि बाहेर पडणारे प्रथिन आतले समजले जाते. लसीसाठी प्रथिने शोधणारा त्याला यादीतून वगळतो. सुरुवात मागे धरली, तर बनवलेल्या प्रथिनाला नसलेली शेपटी लागते, ते नीट घडी होत नाही, गोळा होऊन तळाशी बसते आणि विद्यार्थी महिनोन्‌महिने तापमान आणि क्षार बदलत राहतो. चूक त्याच्या हातात नसते, ती त्याने डाउनलोड केलेल्या क्रमात असते. म्हणून मी ४१ नव्या जनुकांपेक्षा या ३३ दुरुस्त्यांना जास्त मोल देते. नवे जनुक बातमीत येते, चुकलेली सुरुवात मात्र कुणाच्या लक्षातही न येता कामे बिघडवत राहते.

लहान प्रथिनांसाठी एवढा खटाटोप का

यादीत न आलेली जनुके म्हणजे बारीकसारीक, त्यांच्यावाचून काय अडले होते, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्यावर मी आरव्ही३८७५ या जनुकाची गोष्ट सांगते. तिच्यातही जीनोम आणि प्रथिन दोघेही लागले.

भारतात जवळजवळ प्रत्येक बाळाला जन्मतःच बीसीजी टोचतात. त्यामुळे क्षयाच्या संसर्गासाठी कातडीत टोचून करायच्या मांटू चाचणीत हातावर गाठ उठली तरी ती क्षयाच्या संसर्गाने उठली की लहानपणीच्या लसीने, हे सांगता येत नाही. ही अडचण जुनी आहे. कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटमध्ये क्षयजंतू वाढवून, ते द्रवात काय सोडतात हे तपासले जात होते. त्या द्रवातून १९९५ मध्ये एक अगदी लहान प्रथिन वेगळे केले गेले, इसॅट-६. फक्त ९५ अमिनो आम्ले. शंभराची गाळणी लावली असती तर हे खाली पडले असते. द्रवात आधीच हाती लागले होते, म्हणून वाचले.

दुसरीकडे, बीसीजी आणि रोगकारक जंतू यांच्या डीएनएची तुलना चालू होती. काल्मेट आणि गेरँ यांनी लील शहरात १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे, २३० वेळा, जंतूला नव्या माध्यमावर हलवत ही लस तयार केली होती. त्या प्रवासात जंतूचा जोर कशाने गेला, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. १९९६ मध्ये दिसले की बीसीजीमधून डीएनएचा एक पट्टा गळून गेला आहे. त्याला आरडी१ नाव पडले, लांबी सुमारे साडेनऊ हजार अक्षरे. इसॅट-६ चे जनुक आणि त्याचे जोडीदार सीएफपी-१० चे जनुक, आरव्ही३८७५ आणि आरव्ही३८७४, दोन्ही त्याच पट्ट्यात.

आता दोन्ही धागे जोडा. प्रथिन सांगते की संसर्ग झालेल्या माणसाचे शरीर इसॅट-६ ओळखते. जीनोम सांगतो की बीसीजीकडे हे जनुकच नाही. म्हणजे जो इसॅट-६ ओळखतो त्याला संसर्ग झाला आहे, लस घेतलेली असो वा नसो. रक्तावरच्या आजच्या चाचण्या याच दोन प्रथिनांवर उभ्या आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही कातडीत टोचायची चाचणीही, जिला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली, याच दोन प्रथिनांची आहे. एकट्या प्रथिनावरून ते बीसीजीत नाही हे कळले नसते. एकट्या जीनोमवरून त्या पट्ट्यातल्या कोणत्या प्रथिनाकडे शरीर लक्ष देते हे कळले नसते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, तेव्हा ९५ अमिनो आम्लांचे प्रथिन यादीत असणे-नसणे ही आपल्यासाठी पुस्तकी बाब नाही.

हीच रीत माणसावर

पांडे आणि सहकाऱ्यांनी पुढे हीच रीत माणसाच्या प्रथिनांवर चालवली. मे २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये मानवी प्रोटिओमचा आराखडा आला, प्रौढ आणि गर्भातल्या ऊती आणि रक्तपेशी मिळून ३० नमुने, १७,२९४ जनुकांची प्रथिने. त्याच अंकात म्युनिकच्या गटाचाही स्वतंत्र आराखडा होता. बंगळूरच्या आराखड्यात १९३ जागा अशा होत्या की जिथे प्रथिन बनत नाही असा समज होता. भारतातल्या प्रयोगशाळेतून असे काम आले याचा अभिमान तेव्हाही वाटला आणि आजही वाटतो.

पण दोन्ही आराखड्यांवर लगेच हरकतीही आल्या, आणि त्या रास्त होत्या. वासाची जाणीव करून देणारी प्रथिने नाकाच्या अस्तरात असायची. इथे ती नाकाचा नमुना नसतानाही बरीच सापडल्याचे दिसत होते. याचा अर्थ खोट्या जुळणी गाळणीतून निसटल्या होत्या. वरचा एक टक्क्याचा हिशेब आठवा. जंतूत शोधायची जागा साडेसहापट वाढते, माणसाच्या अख्ख्या जीनोमवर तीच गोष्ट केली तर पाचशेपटीच्या पुढे जाते. क्षयजंतूत जे संयमाने जमले ते माणसात त्याच मापाने जमत नाही. या वादानंतर नवे प्रथिन मान्य करायचे निकष कडक झाले, ही त्याची जमेची बाजू.

दुसरी बाजू रायबोसोमच्या नोंदींची. कोणत्या क्षणी रायबोसोम आरएनएवर कुठे बसले आहेत, हे आता थेट वाचता येते. क्षयजंतूत हे वाचल्यावर यादीबाहेरच्या हजारो छोट्या पट्ट्यांवर रायबोसोम बसलेले दिसले. त्यांतल्या बहुतेक पट्ट्यांवर उत्क्रांतीने काही जपून ठेवल्याची खूण नाही. पेशी तिथे प्रथिन बनवते आहे, पण त्या प्रथिनाचे तिला काही काम आहे असे दिसत नाही. मग त्यांना जनुक म्हणायचे का? मला वाटते, म्हणू नये. यंत्राला दिसले म्हणून यादीत घातले, तर १९९८ ची चूक उलट्या दिशेने होईल.

न दिसलेला पाचवा हिस्सा

शेवटी ३,१७६ च्या पलीकडचे. यादीतली सुमारे २० टक्के प्रथिने या पाहणीत दिसली नाहीत. काहींचे कारण रसायनात आहे. क्षयजंतूच्या जीनोममधल्या प्रथिनांच्या जागेपैकी सुमारे दहावा हिस्सा पीई आणि पीपीई या दोन घराण्यांनी व्यापलेला आहे. त्यांतल्या कित्येकांत ग्लायसिन आणि अलानिनची पुनरावृत्ती चालते आणि लायसिन-आर्जिनिन विरळ असतात. ट्रिप्सिनला कापायला जागाच सापडत नाही, तुकडे यंत्राला न पेलणारे लांब पडतात. पेशीच्या आवरणात रुतलेली प्रथिने बाहेर काढताना हरवतात. वेगळे विकर वापरून, वेगळ्या द्रावणात विरघळवून यांतली काही मिळतात आणि ते काम चालू आहे.

उरलेल्यांचे कारण वेगळे आहे. हे जंतू फ्लास्कमध्ये वाढवलेले होते, ३७ अंशांवर, भरपूर साखर आणि हवा मिळालेले. माणसाच्या फुप्फुसात हाच जंतू मॅक्रोफेज या, जंतू गिळणाऱ्या पेशीच्या पोटात असतो, प्राणवायू कमी, लोह मिळत नाही, भोवती आम्ल, आणि खायला त्या पेशीतली चरबी. तिथे लागणारी प्रथिने त्याने फ्लास्कमध्ये बनवावीत असे काही कारणच नाही. त्याला तिथेच जाऊन पाहायचे तर मॅक्रोफेज जंतूसकट फोडावी लागते, आणि मग यंत्रात जे जाते त्यात जंतूचे एखादे पेप्टाइड माणसाच्या पेप्टाइडांच्या गर्दीत बुडालेले असते. जीनोम दोघांचेही ठाऊक आहेत, त्यामुळे कोणते कुणाचे हे नंतर वेगळे करता येते. पण यंत्राने आधी ते टिपायला हवे, आणि आत्ता अडले आहे ते तिथे.